सॉफ्टवेअर येत असताना ग्राफिक डिझाइन आणि ब्रँडिंग शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे?

तुम्ही विचारले आहे की फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर चांगले येत असताना ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमात आणखी काय शिकवतात, ब्रँडिंग म्हणजे लोगो करण्यापलीकडे काही असते का, आणि चित्रकला यथातथाच असलेल्या माणसाने या वाटेला जावे का. मी या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे आणि तुमच्यासारखीच सॉफ्टवेअर शिकून इथे आले होते, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न मलाही पडून गेलेले आहेत.

प्रवेश घेतला तेव्हा वर्गात सर्वांत जास्त शॉर्टकट मला पाठ होते आणि त्याचा थोडा तोराही होता. पहिल्या सत्रात संगणक उघडण्याचीच परवानगी नव्हती. काळ्या कागदातून एक वर्तुळ कापायचे, ते पांढऱ्या चौकोनात निरनिराळ्या जागी ठेवायचे आणि कुठे ते स्थिर वाटते, कुठे आता पडेल असे वाटते, कुठे कागदाबाहेर निघाल्यासारखे दिसते, हे पाहत बसायचे, असा तो प्रकार होता. पहिला आठवडाभर मला हे बालवाडीतले काम वाटले. मग एके दिवशी मी पट्टीने मोजून अगदी मधोमध चिकटवलेले वर्तुळ सरांनी भिंतीवर लावले आणि ते खाली घसरल्यासारखे का दिसते, एवढेच विचारले. ते खरोखरच तसे दिसत होते. डोळ्याला जाणवणारा मध्य मोजलेल्या मध्याच्या किंचित वर असतो, ही गोष्ट त्या दिवशी समजली, आणि अलाइनचे बटण दाबून काम संपते हा माझा समज तिथेच संपला.

अक्षरांच्या बाबतीत हेच अधिक बारकाईने शिकावे लागते. रोमन लिपीतला गोल ‘ओ’ शेजारच्या सपाट टोकांच्या ‘एच’एवढाच उंच काढला तर तो लहान दिसतो, म्हणून टाइप डिझाइनर तो वर आणि खाली किंचित बाहेर काढतात. ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की त्यांच्यातली तिरपी पोकळी डोळ्यांत खुपते, म्हणून ती दोन अक्षरे मुद्दाम जवळ आणावी लागतात. देवनागरीत प्रश्न वेगळे असतात. एका शीर्षकाला ऐसपैस रूप द्यावे म्हणून मी रोमन अक्षरांना लावतात तसे दोन अक्षरांमधले अंतर वाढवले, आणि शिरोरेषेचे तुकडे होऊन तो शब्द दोरीवर वेगवेगळे वाळत घातलेल्या कपड्यांसारखा दिसू लागला. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार, एवढे सगळे सामावायचे असल्याने देवनागरीच्या दोन ओळींमधले अंतरही रोमनपेक्षा मोकळे ठेवावे लागते. दोन्ही लिपींना एकच माप लावले की एकीचा तरी श्वास कोंडतो. हे मला कोणत्याही सॉफ्टवेअरच्या व्हिडिओत कधी ऐकायला मिळाले नव्हते.

छपाईबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती अंगाशी आल्याशिवाय कोणालाच समजत नाही. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. पडद्यावर झगमगणारा निळा रंग सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शाईत उतरताना बऱ्याचदा जांभळट होतो. माझ्या पहिल्या छापील पत्रकात तो तसा झालाच, शिवाय मी बारीक काळा मजकूर चारही शाया मिसळून केला होता. छपाईत शाया केसभर सरकल्या आणि प्रत्येक अक्षराला रंगीत कडा आल्या. बारीक मजकूर एकट्या काळ्या शाईत ठेवायचा आणि कापणीसाठी चहूबाजूंनी साधारण ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई, सोडायचे, या दोन गोष्टी त्यानंतर मला कोणी सांगाव्या लागल्या नाहीत.

आता ब्रँडिंगविषयी. तिसऱ्या सत्रात आम्हाला एखादा लहान व्यवसाय निवडून त्याची संपूर्ण ओळख तयार करायची होती. मी जुन्या पुस्तकांची बांधणी करणारे एक गृहस्थ निवडले. पहिल्याच रात्री मी लोगो तयार केला: उघडे पुस्तक, त्यातून आरपार गेलेली सुई, आणि सुईतला दोरा वळत वळत व्यवसायाच्या नावाचे पहिले अक्षर होतो. पडद्यावर तो फारच सुरेख दिसत होता. मॅडमनी तो पाहिला आणि हा कुठे छापला जाणार असे विचारले. मी व्हिजिटिंग कार्ड, पाटी, वेबसाइट अशी यादी म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, “आणि पुस्तकावर?” बांधणी करणारे कारागीर आपली खूण पुस्तकाच्या आतल्या बाजूला, एखाद्या कोपऱ्यात, नखाएवढ्या चिठ्ठीवर लावत आले आहेत, ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. मी लोगोच्या ४०, २०, १० आणि ८ मिलिमीटर रुंदीच्या प्रती काढल्या. २० वर दोरा तुटक झाला, १० वर सुई नाहीशी झाली, आणि ८ वर उरलेल्या डागाकडे पाहून शेजारच्या मुलाने अत्यंत निरागसपणे विचारले, “ही कसर काढली आहेस का?” पुस्तके बांधणाऱ्याच्या खुणेत पुस्तके खाणारा किडा दिसावा, याहून अधिक काही ऐकण्याची गरज नव्हती.

ॲपलच्या लोगोतला घास इथे आठवतो. रॉब जॅनॉफ या डिझाइनरांनी १९७७ मध्ये ते चिन्ह केले तेव्हा सफरचंदाचा घास घेतलेला दाखवण्यामागचे त्यांनी सांगितलेले कारण अगदी साधे होते: लहान आकारात ते फळ चेरीसारखे दिसू नये. त्यावर पुढे कितीतरी रोमांचक अर्थ चढवले गेले, पण मूळ प्रश्न मापाचा होता. (पूर्ण झालेल्या लोगोवर नंतर वर्तुळे काढून तो सुवर्ण गुणोत्तर या सुंदर मानल्या जाणाऱ्या प्रमाणातून जन्मला असे दाखवण्याची आमच्या वर्गातही साथ आली होती, मीसुद्धा एकदा तसे केले आहे आणि त्याला गुणही मिळाले आहेत, पण ते प्रामाणिक काम नव्हते.)

कसरीच्या प्रसंगानंतर मी दोन दुपारी त्या गृहस्थांजवळ नुसती बसून राहिले. पुस्तक घेऊन येणारा माणूस सर्वांत जास्त कशाला भितो, हे तिथे दिसले. कव्हर किती सुंदर होईल याची चौकशी फार थोडे जण करत. आतल्या पानावरची आजोबांची सही राहील ना, मध्ये ठेवलेले वाळलेले पान टाकून तर देणार नाही ना, एखादे पान गहाळ होणार नाही ना, हे मात्र प्रत्येक जण विचारी. ते गृहस्थ पुस्तक घेतानाच पाने मोजत, आकडा तोंडी सांगत, आणि काम झाल्यावर जुन्या कव्हराचे निघालेले तुकडे कागदात गुंडाळून परत देत. त्यांची ओळख तिथेच होती आणि माझ्या येण्यापूर्वीपासून होती. तिला दिसेल असे रूप देणे एवढेच माझे काम उरले होते. मग मी पावती तयार केली, तिच्यावर पानांची संख्या, पुस्तकाची अवस्था आणि आत सापडलेल्या वस्तू लिहिण्यासाठी रकाने ठेवले. तुकड्यांसाठी पाकीट केले. खुणेत फक्त चार जाड आडव्या रेघा ठेवल्या, जुन्या बांधणीच्या पाठीवर दोऱ्यांच्या जागी उंचवटे दिसतात तशा, आणि त्या ८ मिलिमीटरवरही शाबूत राहिल्या. गृहस्थांनी खुणेकडे ओझरते पाहिले आणि पावती हातात घेऊन त्यावर लिहून पाहिले. त्यांचे अक्षर मोठे होते, रकाने अरुंद पडले. मी ओळींमधले अंतर ६ मिलिमीटरवरून ९ वर नेले. संपूर्ण प्रकल्पात त्यांनी सुचवलेला बदल हा एवढाच, आणि माझ्या मते तोच सर्वांत योग्य होता.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की लोगो ही खूण आहे आणि ब्रँड म्हणजे त्या खुणेमागे लोकांच्या मनात साठत गेलेला अनुभव. इंग्रजीतला हा शब्दसुद्धा गुरांना तापल्या लोखंडाने डाग देण्याच्या प्रथेशी जोडलेला आहे. डाग पाहून गुरे कोणाची हे कळे, मालक कसा आहे हे मात्र त्याच्या वागण्यावरूनच कळे. नायकेचे प्रसिद्ध चिन्ह कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ मध्ये ३५ डॉलरमध्ये करून दिले, ही गोष्ट अनेक क्लायंट तुम्हाला कमी पैसे देण्याआधी ऐकवतील. मला तिच्यातून वेगळेच दिसते: त्या दिवशी ते चिन्ह जवळपास रिकामे होते, आणि आज त्यात जे दिसते ते पुढच्या वर्षांनी भरलेले आहे. उलट बाजूचे उदाहरण ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या अमेरिकी ब्रँडचे आहे. २००९ च्या जानेवारीत त्यांनी संत्र्यात खोचलेल्या स्ट्रॉचे ओळखीचे चित्र काढून टाकून खोके नवे आणि नीटनेटके केले. ग्राहकांना फडताळावर आपले खोके ओळखू येईना, विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि पुढच्याच महिन्यात जुने वेष्टन परत आणण्याची घोषणा करावी लागली. नवे खोके कुरूप होते असे मला वाटत नाही. लोक कशाकडे पाहून हात पुढे करतात, हे काढून टाकल्यानंतर कळले, इतकेच.

अभ्यासक्रमातली सर्वांत कठीण गोष्ट कोणती, असे विचारले असते तर मी ज्यूरी असे सांगितले असते. काम भिंतीवर लावायचे, शेजारी उभे राहायचे आणि प्रत्येक निर्णयाचे कारण द्यायचे. “मला आवडला म्हणून हा रंग घेतला” हे उत्तर पहिल्या वर्षानंतर चालत नाही. मी फिकट करड्या अक्षरांत लिहिलेल्या एका माहितीपत्रकाचे समर्थन करत असताना परीक्षकांनी ते खिडकीच्या उजेडात धरले आणि मला वाचायला सांगितले. मला स्वतःला ते वाचता येईना. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ एवढा काँट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, असावा, असा सुगम्यतेचा संकेत आहे, हे मी त्या संध्याकाळी शोधून काढले. अर्थात ज्यूरी नेहमीच शहाणी असते असे नाही. एकाच कामाला एका परीक्षकाने धाडसी आणि दुसऱ्याने बेजबाबदार म्हटल्याचे मी अनुभवले आहे, आणि एकदा तर माझे काम पाहण्यापूर्वीच मत तयार होते असे मला आजही वाटते. तरीही कारणे शोधण्याची सवय तिथेच लागली, आणि घरी एकट्याने शिकताना माझ्याकडे नेमकी हीच गोष्ट नव्हती, कारण माझे काम पाहणारे सगळे जण छान म्हणणारे होते.

म्हणून चार वर्षे द्यावीत का, याचे उत्तर तुम्हाला तुमच्या परिस्थितीवरून ठरवावे लागेल. तुमचे काम दर आठवड्याला फाडून पाहणारी जाणकार माणसे जवळ असतील, तर पदवीशिवायही भागेल. नसतील, तर ती मिळवण्याचा अभ्यासक्रम हा सरळ मार्ग आहे. सॉफ्टवेअरच्या भरवशावर मात्र थांबू नका. १९८५ मध्ये आलेल्या पेजमेकरने टेबलावरच्या संगणकावर पाने लावण्याची सोय केली, एका पिढीचा हात त्यावर बसला, आणि पुढे त्या सगळ्यांना इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरवर जावे लागले. आता तर वाक्य लिहिले की चित्र तयार होते. तुमचे शॉर्टकट वाया जाणार नाहीत, पहिल्या वर्षात तुमच्या कामाचा वेग इतरांपेक्षा जास्त असेल. माझाही होता, आणि दुसऱ्या वर्षात सगळ्यांनी मला गाठले.

राहिला चित्रकलेचा प्रश्न. मी काढलेला माणूस आजही बाहुल्यासारखा दिसतो आणि त्याने माझे काही अडलेले नाही. इथे रेखाटन विचार करण्यासाठी लागते: आगपेटीएवढे चौकोन आखून त्यात एकेक कल्पना अर्ध्या मिनिटात उतरवायची. आम्हाला प्रत्येक लोगोसाठी अशी शंभर रेखाटने करावी लागतात. पहिली वीस सगळ्या वर्गाची सारखीच येतात. सुई आणि पुस्तक माझ्या पहिल्या पाचांत होते, चार रेघा एकसष्टाव्या चौकोनात. इंटर्नशिपच्या मुलाखतीला गेले तेव्हा मी पोर्टफोलिओत ते रेखाटनांचे पान तसेच डागांसकट ठेवले होते आणि प्रश्न त्याच पानावर आले. सदतिसावे रेखाटन बरे दिसत असताना का सोडले, असे त्यांनी विचारले, आणि मला काही केल्या कारण आठवेना. तेव्हापासून मी सोडलेल्या प्रत्येक चौकोनाखाली पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवते.