मूळ होडीला ब्रश लावू नकोस

प्रिय चित्रकार,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. संग्रहालयानं तुम्हा पाच-सहा स्थानिक कलावंतांना बोलावलं, याचा आनंद आहे. पण रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) जुनी होडी ‘नव्यासारखी रंगवून द्या’ हे जे पहिलं काम तुमच्याकडे आलं आहे, ते घेऊ नकोस. नाही म्हणणं तुला अवघड जाईल, म्हणून कारणंही लिहितो. तीच समितीपुढे मांड.

त्या होडीचा पृष्ठभाग म्हणजे तिचं दप्तर आहे. काजूच्या टरफलांच्या तेलाचे काळे थर, बुडाला लावलेला तेल-चुना, मध्येच बदललेली वेगळ्या लाकडाची फळी, दोर घासून काठावर पडलेल्या खाचा, शिवणीत अडकलेली वाळू आणि खवले. होडी कशी वापरली, कुठे झिजली, कुणी कशी दुरुस्त केली, हे एवढ्यावरूनच कळतं. रंगाचा एक हात दिला की हे सगळं झाकलं जातं आणि परत उघडता येत नाही. शिवाय तो रंग टिकणारही नाही. लाकडात वर्षानुवर्षांचं मीठ मुरलेलं आहे. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा ओढतं, थंडीत हवा कोरडी झाली की स्फटिक होऊन फुगतं, आणि वरच्या रंगाचे पोपडे काढतं. पॉलियुरेथेन वार्निशचंही तेच होतं, आणि ते सुंभाच्या (काथ्याच्या दोराच्या) शिवणीत शिरलं की सुंभ ताठ होऊन तुटतं. रापणीची होडी खिळ्यांवर नाही, शिवणीवर उभी असते. लाटेतून पुळणीवर आपटताना फळ्या थोड्या हलाव्यात म्हणून ती शिवलेली असते. शिवण गेली की उरतात नुसत्या फळ्या.

मग साफसफाई किती करायची? मऊ कुंचल्यानं धूळ, बस. प्रेशरचा पाइप तर अजिबात नाही. तुटून पडलेला सुंभाचा तुकडासुद्धा पाकिटात घालून, कुठून पडला ते लिहून ठेव.

तुझं खरं काम होडीच्या बाजूला आहे: मोजून काढलेलं चित्र, हातानं केलेली प्रतिकृती आणि शब्दांची नोंद. त्यातलं मोजमाप सर्वांत महत्त्वाचं, आणि चित्रकाराला सर्वांत कंटाळवाणं वाटणारंही तेच, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

समज होडी आठ मीटरची आहे. ती जशी टेकली आहे तशीच राहू दे, सरळ करायला ढकलू नकोस. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत मधोमध, काठाच्या थोडी वर, एक रेघ ताण. सुतळी झोळते आणि दमट हवेत सैल पडते. तंगूस (नायलॉनचा गळाचा दोरा) घे आणि घट्ट ताण, मध्ये एक आधार दे. दोन्ही टोकं एका पातळीत आहेत का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं तपास. त्या रेघेवर दर ५० सेंटीमीटरला खूण कर. दोन्ही टोकांशी, जिथे वळण झपाट्यानं बदलतं, तिथे दर २५ सेंटीमीटरला. सगळ्या खुणा एकाच शून्यापासून मोज. मागच्या खुणेपासून पुढची असं करत गेलास तर प्रत्येक वेळची दोन-तीन मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटी होडी दोन-तीन बोटं लांब होते.

प्रत्येक खुणेवर ओळंबा सोड. मग वरचा काठ, फळ्यांचा प्रत्येक सांधा आणि तळाचा कणा, या प्रत्येक बिंदूचे दोन आकडे घे: रेघेपासून किती खाली आणि ओळंब्यापासून किती बाजूला. आडवं माप गुण्या लावूनच घे, नाहीतर टेप तिरका जातो आणि आकडा वाढतो. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोज. एक बाजू मोजून दुसरी आरशासारखी काढायचा मोह होईल, पण हातानं बांधलेली होडी दोन्हीकडे सारखी नसते, आणि तो फरक नोंदवायलाच हवा. साधारण २१ खुणा, एका बाजूला सहा बिंदू, दोन बाजू, प्रत्येकी दोन आकडे, म्हणजे पाचशेच्या वर आकडे होतात. एका माणसाचं हे काम नाही. एकानं आकडा पुकारायचा, दुसऱ्यानं लिहून मोठ्यानं परत म्हणायचा.

चुका नेहमी त्याच होतात. टेपची पुढची पट्टी सैल असते, म्हणून जाणकार १० सेंटीमीटरच्या खुणेपासून मोजतात आणि मग ते दहा वजा करायला विसरतात. तसं मोजत असाल तर वहीच्या प्रत्येक पानावर वरती तसं लिही. किनाऱ्यावरच्या वाऱ्यानं ओळंबा झुलत राहतो. त्याचं वजन पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवलं की तो स्थिरावतो. आणि चित्र घरी जाऊन काढू नकोस. होडीपाशी बसूनच १:१० प्रमाणात बिंदू मांड. एखादा बिंदू ओळीतून उडी मारताना दिसला की तिथल्या तिथे पुन्हा मोजता येतो. आठवड्यानं दिसला तर अंदाजानं दुरुस्त करशील, आणि मग ते मोजमाप राहणार नाही. कागदाऐवजी मॅट पॉलिएस्टर फिल्म वापर, कारण दमट हवेत कागद ताणतो. २एच पेन्सिल, आणि प्रमाणपट्टी चित्रातच काढलेली. नुसतं ‘१:१०’ लिहिलं तर छापताना आकार बदलला की ते खोटं ठरतं.

हे काम करायला मेचा दुसरा पंधरवडा उत्तम. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्याच्या आगेमागे होड्या वर ओढल्या जातात आणि लवकरच झापांखाली जातात. संग्रहालयातल्या होडीबरोबर वापरात असलेल्या एक-दोन होड्याही तेव्हाच मोजून घे. नारळी पौर्णिमेआधी त्या पुन्हा रंगवल्या जातात, म्हणून नावांची अक्षरं आणि नाळेवरची नक्षी त्याआधी फिल्मवर गिरवून ठेव. होड्यांवर नावं घालणाऱ्या गावोगावच्या पेंटरांची अक्षरं कुठेच जमा होत नाहीत, दरवर्षी नव्या रंगाखाली जातात. अक्षराकडे बघायची तुझी नजर तयार आहे, म्हणून हे काम तूच कर.

फोटोंवरून त्रिमितीय आकृती करायची असेल तर ढगाळ दिवस किंवा मांडवाची सावली हवी. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ६० ते ७० टक्के भाग यायला हवा. खालून, बरोबरीनं आणि वरून अशा तीन फेऱ्या मारल्यास तर दीडशे-दोनशे फोटो होतात. उजेडाची सेटिंग एकदा ठरवून कायम ठेव, आणि दोन मोजपट्ट्या होडीशेजारी पडलेल्या असू देत. मात्र याला ओळंब्याच्या मोजणीचा पर्याय समजू नकोस. काळ्या तेलकट फळीवर पकडायला खुणा कमी असतात, तिथे आकृतीला भोकं पडतात.

आता प्रतिकृती. १:१० ची होडी ८० सेंटीमीटरची होईल, देखणी दिसेल, पण शिवण तिच्यात कळणार नाही. सहा मिलिमीटरचं सुंभ त्या प्रमाणात जेमतेम ०.६ मिलिमीटरचा दोरा होतो. म्हणून एक तुकडा पूर्ण आकारात करून घे: ६० सेंटीमीटर लांबीच्या तीन फळ्या, जाणत्या माणसाच्या हातून शिवलेल्या. भोकांमधलं अंतर, सांध्यावर बसवलेली काथ्याची वळी, दोर आतून कुठे जातो आणि बाहेर कसा फिरतो, ताण कसा देतात, भोक कशानं बुजवतात, या प्रत्येक पायरीला थांबवून फोटो आणि माप घे. लाकूडही तो माणूस सांगेल तेच घे. आंबा, साग, ऐन, उंडी यांतलं काय कुठे वापरायचं याचा त्याचा हिशेब असतो. हा तुकडा लोकांनी हाताळण्यासाठी ठेवायचा. माझ्या मते सगळ्या दालनात याच्याएवढी मोलाची वस्तू दुसरी होणार नाही, कारण होडी जपता येते, पण शिवणारा हात असा टप्प्याटप्प्यानंच जपावा लागतो.

त्याच बैठकीत शब्दही घे. चित्रावर १ पासून आकडे टाक, भागावर बोट ठेवून विचार, आणि तो जसा उच्चार करील तसाच लिही. नाळ, उलांडी, परबाण, सुकाणू हे शब्द तुला ठाऊक असतील, पण दोन बंदरांपलीकडे त्याच भागाला दुसरं नाव निघतं. दोन्ही लिही, शुद्ध कुठलं ते ठरवत बसू नकोस. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही (आवाज न आवळता साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात कर, माइकला फोमची टोपी घाल, पुळणीऐवजी खोलीत बस. सुरुवातीलाच त्या माणसाची संमती आणि तारीख त्याच्या आवाजात घे. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

जाळ्यांबद्दल थोडक्यात. तागाचं किंवा सुताचं जुनं जाळं भिंतीवर लोंबकळतं लावू नका. शिशाच्या वजनानं ते स्वतःच फाटतं. तिरप्या फळीवर कापड घालून त्यावर पसरा, उरलेलं जाड नळीवर गुंडाळा. आस (जाळ्याचा एकेक डोळा) मोजताना दहा आस ताणून मोज आणि दहानं भाग, एकेक मोजलास तर आकडे डळमळतात. किडीची शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नकोस, नाहीतर थंड जाळ्यावर दव धरतं. चित्रकथीची (गोष्ट सांगताना दाखवायची) चित्रं किंवा लाखेचं काम मात्र फ्रीझरमध्ये कधीच घालू नये.

काचेच्या कपाटांची आतली बाजू समुद्राच्या निळ्या रंगानं रंगवायची तुमची कल्पना आहे, तिथे फार जप. ताजा ऑइलपेंट, प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फलक) आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन यांतून आम्लाची वाफ निघते. बंद कपाटात ती साठली की शिंपल्यांवर पांढरी भुकटी येते, आणि जाळ्याच्या शिशाच्या गोळ्याही पांढऱ्या पडतात. ती शिशाची भुकटी विषारी असते, बोटानं पुसू नका. पाण्यातला ॲक्रिलिक रंग घ्या, रंगवल्यावर कपाट उघडं ठेवून किमान चार आठवडे थांबा, आणि सिलिकॉन ‘न्यूट्रल’ लिहिलेलंच आणा. भिंतीवरच्या मोठ्या चित्राचंही तसंच. जांभ्याच्या भिंतीतून मीठ आणि ओल येतच राहते, त्यामुळे चित्र वेगळ्या फलकांवर काढा आणि फलक भिंतीपासून तीन-चार सेंटीमीटर सुटे लावा.

वस्तूवर नोंदणी क्रमांक घालायचं नाजूक काम बहुधा तुलाच देतील. लाकडावर आधी पॅरालॉइड बी-७२ (ॲक्रिलिक राळ) चा पातळ थर दे, १०० मिली ॲसिटोनमध्ये साधारण १५ ग्रॅम. तो सुकल्यावर पिगमेंट शाईनं आकडा आणि वर आणखी एक थर. पावसाळ्यात हे करू नकोस. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओलावा धरतो आणि थर दुधाळ होतो. जाळी, टोपल्या, दोर यांना कापडी फितीवर क्रमांक लिहून ती बांध. प्लास्टिकच्या बोयांवर ॲसिटोन नको, काही प्लास्टिक त्यात विरघळतात.

होडीखालचा आधार बघून घे. दोन टोकांना दोन ठोकळे असतील तर मधला भाग खाली झोळेल. दर मीटरला तळाच्या वळणाप्रमाणे कापलेला आधार हवा, त्यावर पॉलिइथिलिनचा फोम, आणि बूड जमिनीपासून हातभर वर, म्हणजे वाळवी चढताना नजरेस पडेल. ही वळणं तुझ्याच मोजणीतून कापायची आहेत. समितीला आकड्यांचा उपयोग पटत नसेल तर इथून सुरुवात कर.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीच्या धर्तीवर रापणीची गोष्ट चितारून घ्यायचा विचार मला मनापासून आवडला. पण नुसती शैली उचलून तुम्हीच काढू नका. पिंगुळीत ठाकर समाजातले कलावंत आजही हे काम करतात. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काम तिथल्या चित्रकारांकडेच जावं. चित्रकथीतलं चित्र गाण्या-सांगण्याबरोबर दाखवायचं असतं, तेव्हा सांगणाऱ्याचं मानधनही अंदाजपत्रकात धरा.

आणि करार लेखी करा, तुमचाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळं ठरलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून ‘हक्क चित्रकाराकडे, संग्रहालयाला प्रदर्शन, नोंद आणि शिक्षणासाठी वापराची परवानगी’ असं एक वाक्य सहीआधी घालून घे. टी-शर्ट, कॅलेंडर, पोस्टकार्डांवर चित्र छापायचं तर वेगळा मोबदला. शिवण करून दाखवणाऱ्याचं आणि शब्द सांगणाऱ्याचं नावही, त्यांची इच्छा असेल तर, फलकावर तुझ्या नावाएवढ्याच अक्षरात लागलं पाहिजे, आणि त्यांच्या दिवसाचे पैसे त्याच संध्याकाळी हातात पडले पाहिजेत.

पहिल्या दिवशी एवढंच कर: तंगूस ताण, नाळेकडच्या चार खुणा दोन्ही बाजूंनी मोज, तिथेच फिल्मवर मांड. वहीच्या पानांचे आणि त्या चित्राचे फोटो मला रात्रीच पाठव. कुठे बिंदू उडाला असेल तर सकाळी पुन्हा मोजता येईल.

तुझा,
काका