दीड किलोचा लॅपटॉप रेंडरला मान टाकतो? आधी चार्जरचे वॅट बघा

तुमची पोस्ट वाचली आणि लक्षणं लगेच ओळखीची वाटली. मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, रोज पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून गरवारे कॉलेज स्टेशन. पाठीवर वजन नको म्हणून दीड किलोचा, आय-सेव्हन प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप घेतलात. रेव्हिट (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) ठीक चालतं, पण एन्स्केपमध्ये (त्या मॉडेलची चित्रं-व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर) वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरल्यासारखा व्हिडिओ, रेंडरला लावला की पहिला अर्धा तास बरा आणि मग एकदम मान टाकतो, पंख्याचा आवाजसुद्धा उतरतो. सर्व्हिस सेंटर म्हणतंय, फॉरमॅट करा, नाहीतर पेस्ट (चिपची उष्णता पुढे पोचवणारा लेप) बदलू. तुमचा प्रश्न एवढाच, की हा बिघाड आहे की आपली निवडच चुकली.

ड्रायव्हर, विंडोज अपडेट, पॉवर मोड वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडून देतो.

पोस्टमधली कामाची ओळ तुम्ही शेवटी कंसात टाकली आहे: मूळ १५० वॅटचा अडॅप्टर जड म्हणून घरी राहतो आणि कॉलेजला ती ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर नेते. माझा संशय तिथेच आहे. पंख्याचा आवाज उतरणं ही त्याची खूण. उष्णतेमुळे मंद झालेला लॅपटॉप बोंबलत असतो. गार आणि शांत राहून मंद झाला, तर त्याला वीज कमी पडते आहे असं समजून तपासायला लागा.

हिशोब साधा आहे. रेंडर चालू असताना प्रोसेसर ३० ते ३५ वॅट, ग्राफिक्स ६० वॅट, स्क्रीन, एसएसडी, पंखे मिळून १५-२० वॅट. म्हणजे ११० च्या आसपास. चार्जर देतो ६५, उरलेले ४५ वॅट बॅटरीतून जातात. या वजनाच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी साधारण ६० वॅट-अवरची असते, म्हणजे चार्जर लावलेला असूनही ती सव्वा तासात रिकामी झाली असती. तसं होऊ नये म्हणून फर्मवेअर (लॅपटॉपच्या आतलं कायमचं नियंत्रण सॉफ्टवेअर) बरंच आधी हात आखडतं. आधी ग्राफिक्सचे वॅट कापतं, तेवढ्याने भागलं नाही तर प्रोसेसरला 'बीडी प्रॉकहॉट' नावाचा सिग्नल देतं आणि तो ४०० ते ८०० मेगाहर्ट्झवर अडकतो. हा सिग्नल मुळात 'बाहेर कुठेतरी फार तापलंय' हे कळवायला आहे, पण अडॅप्टर ओळखू आला नाही किंवा अपुरा पडला तरी बरेच लॅपटॉप तोच वापरतात. विंडोज यातलं नेहमी स्पष्ट सांगतंच असं नाही. कोपऱ्यात चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं.

त्यात केबलचा एक पेच आहे. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच. त्यापुढे जायला ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. १०० वॅटचा चार्जर आणून त्याला फोनची केबल जोडली तर पैसे पाण्यात. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घ्या की ऑनलाइन घ्या, केबलवर १०० किंवा २४० वॅट छापलेलं बघूनच घ्या.

खात्री कशी करायची ते सांगतो. एचडब्ल्यूइन्फो हे आतले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवा (फुकट आहे) आणि फक्त सेन्सर्सची खिडकी उघडा. प्रोसेसरचं तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसर घेतो ते वॅट), प्रोसेसरचा क्लॉक म्हणजे वेग, जीपीयू पॉवर (ग्राफिक्स घेतं ते वॅट) आणि बॅटरीचा चार्ज रेट एवढ्याच ओळींवर लक्ष ठेवा. शेवटची फार जण बघत नाहीत. चार्जर लावलेला असताना ती उणे दाखवत असेल, तर बॅटरीतून वीज उपसली जाते आहे, निकाल तिथेच लागला. मग बॅटरी पूर्ण भरून, मूळ अडॅप्टर लावून, टेबलावर तेच रेंडर पुन्हा चालवा. आता मान टाकली नाही तर लॅपटॉप ठणठणीत आहे.

मूळ अडॅप्टरवरही टाकली, तर वॅट आणि तापमान एकत्र वाचायचे. तापमान ९५ ते १०० आणि वॅट हळूहळू घसरताहेत, तर हवा अडली आहे किंवा पेस्ट गेली आहे. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात प्रोसेसर ६० वॅट घेतो आणि मग २८ वर येऊन सरळ रेषेत बसतो, तर ती कंपनीने ठरवलेली मर्यादा आहे, त्याला बिघाड म्हणत नाहीत. तापमान ६५ च्या आत आणि वेग ०.८ गिगाहर्ट्झवर खिळलेला, तर अडॅप्टर, चार्जिंग जॅक, बॅटरी किंवा एखादा सेन्सर. गोल पिनच्या काही अडॅप्टरांत मधली बारीक पिन फक्त ओळख पटवायला असते. तिची वायर पिनेजवळच्या वाकणाऱ्या जागी तुटते. चार्जर दिवा दाखवतो, लॅपटॉप चालू राहतो, पण त्याला अडॅप्टर किती वॅटचा हे कळत नाही आणि तो जीव मुठीत धरून चालतो.

इथे थोडी भडास काढतो. नेमकं हेच दुखणं घेऊन मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या केल्या आहेत. कोणतं ते विचारू नका, सांगणार नाही. काउंटरवरचा मुलगा जॉबशीटवर एकच शब्द लिहायचा: 'स्लो'. 'स्लो' लिहिलं की त्यांच्याकडे त्याला फॉरमॅट हेच औषध. बायोसमधली (विंडोज सुरू होण्याआधीच्या मेनूतली) तपासणी चालवायची, ती काही मिनिटांची असते, त्यात लोड येतच नाही, सगळं 'पास'. बंद करताना शेरा: दोष आढळला नाही. आणि ही तपासणी टेबलावरच्या त्यांच्या स्वतःच्या चांगल्या अडॅप्टरवर चालायची! ग्राहकाचा अडॅप्टर 'सोबत नको, हरवतो' म्हणून घरी ठेवायला सांगत. वॉरंटी अशीच सरली आणि मग मदरबोर्ड बदलायचं कोटेशन हातात आलं. दोष निघाला अडॅप्टरच्या वायरीत.

म्हणून सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच तर अडॅप्टर घेऊनच जा आणि जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. असं: 'मूळ अडॅप्टर लावून, रेंडर चालू असताना, तापमान ६५ अंशांखाली असूनही प्रोसेसर ०.८ गिगाहर्ट्झवर अडकतो. व्हिडिओ सोबत.' खाली अडॅप्टरचा सिरियल नंबर टाका. एचडब्ल्यूइन्फोची खिडकी, घड्याळ आणि अडॅप्टरचं लेबल एकाच फ्रेममध्ये घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ करा. तोच मजकूर त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर पाठवा, म्हणजे वॉरंटीतली तारीख पक्की होते. 'दोष आढळला नाही' असं लिहिणार असतील तर कोणत्या अडॅप्टरवर, किती वेळ, कोणत्या लोडवर तपासलं हेही लिहून मागा. बहुतेक वेळा इथेच सूर बदलतो. नाही बदलला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मी वकील नाही, कागदपत्रं एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, निवड चुकली का. पूर्णपणे नाही, पण दुकानात जे नाव वाचून घेतलंत त्या नावाला फारसा अर्थ नाही. आरटीएक्स ४०५० हा एकच चिप कंपन्या ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बांधून विकतात. आय-सेव्हनचंही तसंच: नावाच्या शेवटी यू असेल तर मूळ १५ वॅट, पी असेल तर २८, एच असेल तर ४५. खोक्यावर ठळक छापतात 'आय-सेव्हन', शेवटचं अक्षर शोधावं लागतं. ग्राफिक्सला किती वॅट दिलेत हे एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' या ओळीत दिसतं. दुकानातल्या डेमो पीसवर एवढं उघडून बघायला कोणी अडवत नाही.

वॅट निम्मे म्हणजे वेग निम्मा असंही नाही. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढतो, त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. म्हणूनच पातळ लॅपटॉप रोजच्या कामात जाड्याच्या जवळपास पोचतात. रेव्हिटचं मॉडेलिंग बरंचसं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणना करणाऱ्या एका भागावर) चालतं आणि क्षणभर वेग मागतं, ते तुमच्याकडे ठीक चालतं ते याचमुळे. रेंडर तासभर सलग मागतं, तिथे जाडी कामाला येते. पंख्याच्या पात्याची उंची, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या, ती हवेत सोडणाऱ्या पत्र्यांचं क्षेत्रफळ हे सगळं मिलिमीटरमध्ये मोजलं जातं आणि पातळ खोक्यात ते मिलिमीटर नसतात.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिलमध्ये दुपारी वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली ३८-४० अंश. खोली २५ वरून ३८ वर गेली की आतलं तापमानही साधारण तेवढंच चढतं. शिवाय हाताला लागणारा भाग ४५ अंशांच्या आसपास राहावा म्हणून पातळ लॅपटॉपमध्ये वेगळा सेन्सर असतो. खोलीच ४० वर असेल तर हातात उरतात जेमतेम पाच अंश, मग प्रोसेसर ७५ वर असतानाही वॅट कापले जातात. पेस्ट बदलून हे सुटत नाही. मागची कड दोन-अडीच सेंटिमीटर उचला, पंख्याखाली बसा, रेंडर रात्री लावा. कॉट बेसिसवर राहणारी पोरं लॅपटॉप गादीवर ठेवतात, त्यात खालच्या जाळ्या पूर्ण बंद होतात.

वर्ष-दीड वर्ष झालं असेल तर धूळ काढून घ्या. नुसती बाहेरून हवा मारून भागत नाही. पंखा आणि पत्र्यांच्या मधोमध, आतल्या बाजूला, धुळीची नमद्यासारखी पट्टी बसते, ती पंखा काढल्यावरच दिसते आणि चिमट्याने अख्खी निघते. हवा मारायचीच तर पातं काडीने अडवून धरा, भन्नाट फिरवू नका. पेस्टच्या जागी फेज-चेंज पॅड (तापलं की मऊ होऊन पसरणारी पट्टी) मिळालं तर उत्तम, लॅपटॉपमध्ये साधी पेस्ट कालांतराने कडेला सरकते.

आहे त्यातूनच वेग काढायचा तर एक युक्ती: एन्स्केप ग्राफिक्सवर चालतं आणि दोन्ही चिपांची उष्णता एकाच नळ्यांतून जाते. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. टर्बो (तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो, प्रोसेसर शांत बसतो आणि वाचलेले वॅट ग्राफिक्सच्या वाट्याला जाऊ शकतात. रेव्हिटला बसताना परत १०० करा, नाहीतर शिव्या मला पडतील. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' रेंडरच्या वेळी चढत असेल तर मात्र वॅटचा प्रश्नच नाही. ४०५० ची ६ जीबी मेमरी भरली आहे. झाडं आणि टेक्श्चर कमी करा.

चार्जरपुरतं: लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये टाइप-सी पोर्ट किती वॅट घेतो ते बघा. १०० घेत असेल तर १०० चा चार्जर आणि योग्य केबल, ओझं मूळ अडॅप्टरपेक्षा कमीच. ६५ वरच थांबत असेल तर कॉलेजात फक्त मॉडेलिंग, रेंडर घरी. मूळ अडॅप्टरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडणीवर लावू नका, अर्थिंग नसलं की धातूच्या बॉडीला झिणझिण्या येतात.

माझं मत विचाराल तर (आणि हे मतच आहे, पाठदुखी असणाऱ्याने ऐकू नये), दीड किलोत वेगळं ग्राफिक्स कार्ड ही सगळ्यात वाईट तडजोड. पैसे दोन्हीचे, ओझं अडॅप्टर धरून दोन किलोचं, आणि वॅट अर्धे. रेंडर रोजचं असेल तर सव्वादोन किलोचा, ८ जीबी ग्राफिक्स मेमरीचा, ग्राफिक्सला १०० वॅटच्या पुढे देणारा घ्या. घरी जागा असेल तर त्याहून बरं: घरी डेस्कटॉप, पाठीवर ग्राफिक्स कार्ड नसलेला सव्वा किलोचा, आणि कॉलेजातून रिमोट, म्हणजे इंटरनेटवरून घरचा डेस्कटॉप चालवायचा. यात घरची वीज गेली की सगळं ठप्प, तेव्हा यूपीएस धरूनच हिशोब करा. रॅमही बघा. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुतेकदा बोर्डावर झाळलेली असते, १६ घेतली की १६ च राहते.

मेट्रोत चढण्यापूर्वी झाकण नुसतं मिटू नका, हायबरनेट करा. स्लीपमधला लॅपटॉप बॅगेत कधी कधी स्वतःहून जागा होतो आणि सिव्हिल कोर्टला उतरेपर्यंत बॅटरी उतरलेली आणि खालचा भाग भाजत असतो.

मूळ अडॅप्टरवर रेंडर सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली की सीपीयू वॅट, जीपीयू वॅट, तापमान आणि चार्ज रेट हे आकडे इथेच टाका. मॉडेलचा पूर्ण नंबर खालच्या स्टिकरवर असतो, खोक्यावरचा नको.