'मोजो हँड' म्हणजे जादूचा हात नव्हे

प्रश्न आलाय तो असा: अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या 'लुइझियाना ब्लूज' (१९५०) या गाण्यात 'मोजो हँड' येतं. त्याचं 'जादूचा हात' हे भाषांतर बरोबर का, आणि त्यात काही चावट अर्थ आहे का?

अहो, तो गडी न्यू ऑर्लीन्सला जाऊन मोजो हँड आणतो म्हणतोय. हात काय बाजारातून आणतात? आणि समालोचनात 'फलंदाजाला हरवलेला मोजो गवसला' ऐकलं की मी टीव्हीचा आवाजच बंद करतो. मोजो म्हणजे फॉर्म नव्हे, आत्मविश्वास तर नव्हेच. मोजो म्हणजे पुरचुंडी. लाल फ्लॅनेलची, मुठीत मावेल एवढी; आत मुळ्या, लोहचुंबकाचा खडा, एखादं नाणं, कुणाचा तरी केस. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांची हूडू नावाची जी जडीबुटी-मंतरतंतराची विद्या, तिच्यातली ही वस्तू.

तिलाच नुसतं 'हँड' असंही म्हणतात. मेलेल्या माणसाच्या बोटाचं हाड आत घालत म्हणून, असं काही जण सांगतात. गोष्ट रंगतदार, पण मला पटत नाही. माझ्या मते हा पत्त्यांतला हँड, म्हणजे वाटून आलेली पानं. सुट्या पानाला काय किंमत? जुळणी बसली तर डाव तुमचा. मुळ्यांचंही तेच. मराठी माणूस घसरतो तो इथेच, कारण आपला पत्त्यांतला 'हात' म्हणजे जिंकून उचललेली पानं!

'मोजो'चं मूळ मेरियम-वेब्स्टर हा इंग्रजी शब्दकोश पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी भाषेतल्या 'वैद्य' अर्थाच्या शब्दाशी जोडतो. उच्चार जुळला की कोशकार खूश. पण औषधाच्या पुडीला कुणी 'डॉक्टर' म्हणतं का? आफ्रिकी कलेचे अभ्यासक रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी मध्य आफ्रिकेतल्या कोंगोकडे बोट दाखवलं. तिथे 'मोयो' म्हणजे प्राण, मंतरलेल्या वस्तूत वसलेला. आणि गंमत बघा, ही पुरचुंडी पोसावी लागते. अधूनमधून व्हिस्कीचे किंवा अत्तराचे थेंब पाजावे लागतात, नाहीतर ती मरते म्हणे. जिला तहान लागते तिच्यात प्राण असणारच की! हे मला कुठल्याही ध्वनिनियमापेक्षा जास्त पटतं.

हां, चावटपणा राहिला. पुरचुंडी अंगाला लागून, कपड्यांच्या आत ठेवायची, परक्याने शिवायची नाही. मेम्फिसकडच्या बायका ती कमरेला, घागऱ्याच्या आत बांधत. पुरुषाने तर हातही लावायचा नाही. ब्लाइंड लेमन जेफरसन हा ब्लूज गायक १९२८ साली गातो की माझ्या बाईकडे मोजो आहे, ती लपवू बघते, पण तो शोधायला माझ्याकडेही काहीतरी आहे. आपला ताईत गळ्यात असतो, म्हणून लाडक्या माणसाला आपण 'गळ्यातला ताईत' म्हणतो. यांचा कमरेखाली. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

मडी वॉटर्सच्याच १९५४ च्या 'हूची कूची मॅन'मध्ये मोजोसोबत 'जॉन द कॉंकरर' ही मुळीही येते. ती रताळ्याच्या गोतातली. पुरुषांसाठी खास. वाळल्यावर कशासारखी दिसते ते गाणारा सांगत नाही, मीही सांगणार नाही.