गावातल्या कामाच्या माणसांना बोलतं कसं करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: बी राखणाऱ्या बायका, बचत गट चालवणाऱ्या ताई, बंधाऱ्यावर श्रमदान करणारी मंडळी यांच्याशी बोलून ते रेकॉर्डिंग गावच्या वाचनालयात ठेवायचं आहे, पण माइक समोर आला की सगळे भाषण करतात.

चूक बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नात असते. ‘या कामाची प्रेरणा कुठून मिळाली?’ असं विचारलं की माणूस सत्काराला उभा राहिल्यासारखा बोलायला लागतो. प्रेरणा विचारू नका, काम विचारा. तेही ते काम जिथे चालतं तिथे बसून, वस्तू हातात असताना.

राहीबाई पोपेरे यांचं उदाहरण घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या शेतकरी बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि ‘बीजमाता’ हे नाव सगळीकडे पोचलं. पुरस्काराची बातमी कुठेही सापडते. पण तुमच्या तालुक्यात अशी बियाणं राखणारी एखादी मावशी असेल, तर पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला वेगळंच हवं असणार. वालाच्या कोणत्या वेलाचं बी धरता? शेंगा वेलावरच वाळू देता की तोडून? बी वाळलं हे कसं कळतं? दाताखाली टच्च फुटलं तर वाळलं, नुसतं दबलं तर अजून ओल आहे, अशी उत्तरं तिथून निघतात. राख कसली घालता, मडक्याचं तोंड कशानं लिंपता, मडकं घरात कुठे ठेवता, हे पुढचे प्रश्न. आणि एक प्रश्न कधीच गाळू नका: ‘मागच्या वर्षी काय बिघडलं?’ किडलेलं बी, उगवलंच नाही ते बी, यावर बोलताना माणूस भाषण विसरतो. खरं ज्ञानही तिथंच असतं.

बचत गटाच्या ताईंकडे गेलात तर बैठकीची वही मागा आणि ती उघडी ठेवूनच बोला. महिन्याला बचत किती, गैरहजेरीचा दंड किती, पहिलं कर्ज कशासाठी दिलं, हप्ता थकला तेव्हा गटानं काय केलं? अंगठ्याच्या जागी सही कधीपासून दिसायला लागली, तेही वहीत सापडतं. फक्त हप्ता थकवणाऱ्या बाईचं नाव रेकॉर्डिंगमध्ये येऊ देऊ नका. आलंच तर ऐकायला ठेवायच्या प्रतीतून तेवढा भाग कापा. गाव लहान असतं.

सालं विचारून उपयोग नाही, ती कुणाच्या लक्षात नसतात. खुणा विचारा. बाहत्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा (सप्टेंबर १९९३) गट होता का? लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात (२०१६) बंधाऱ्यात पाणी होतं का? दोन खुणांच्या मध्ये साल आपोआप सापडतं.

आता रेकॉर्डिंग. साधा मोबाइल चालतो, पण विमान मोडवर टाका; फोन आला की अनेक मोबाइलवर रेकॉर्डिंग तुटतं. कॉलरला लावायचा वायरचा माइक घ्या आणि हनुवटीपासून वीतभर खाली लावा. बायकांच्या बाबतीत पदर आणि मंगळसूत्र माइकला घासतं, सगळी मुलाखत खसखस होते. म्हणून माइक पदर नसलेल्या खांद्याच्या बाजूला लावा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. खाली गोधडी अंथरा, पंखा बंद करा. डब्ल्यूएव्ही फाइल (यात आवाज न दाबता साठवला जातो) मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनेलवर, घेतली तर तासाला साधारण ३०० एमबी लागतात, तेवढी जागा आधी मोकळी करा. सुरुवातीला दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाव, गाव, तारीख आणि ‘हे वाचनालयात लोकांना ऐकवलं तर चालेल का?’ याला मिळालेला होकार, हे सगळं रेकॉर्डिंगमध्येच असू द्या.

सगळ्यात जास्त मुलाखती बिघडतात त्या बाजूला बसलेल्या माणसामुळे. ताईंना विचारावं आणि उत्तर त्यांच्या मालकांनी द्यावं, किंवा सरपंच शेजारी बसलेले असावेत आणि तक्रारीचा एक शब्द निघू नये, हे नेहमीचं आहे. अशा वेळी ‘जरा मडकी दाखवता का?’ म्हणून आतल्या खोलीत किंवा शेतावर चला. वाद घालू नका, जागा बदला. गर्दी मागे राहते.

उत्तर संपलं असं वाटलं तरी मनात सातपर्यंत आकडे मोजा, मगच पुढचा प्रश्न. त्या शांततेत पुष्कळदा मुख्य गोष्ट बाहेर येते. पाऊण तासाच्या पुढे पहिल्या दिवशी ताणू नका. दूध काढायची, पाणी भरायची वेळ त्यांची असते, आपली नाही.

एका तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास धरा. उतरवताना ‘व्हतं’चं ‘होतं’ आणि ‘म्या’चं ‘मी’ करू नका. बियाण्याची, अवजारांची, मापांची गावठी नावं तर जशीच्या तशी हवीत. पायली आणि शेर तसेच लिहा, शेजारी त्यांनी सांगितलेलं किलोतलं माप. फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक गावाबाहेर राहू द्या.

मग कागद घेऊन पुन्हा जा आणि वाचून दाखवा. जे खोडायला सांगतील ते कारण न विचारता खोडा. या दुसऱ्या भेटीत ‘हे तर सांगायचं राहिलंच’ असं हमखास येतं, म्हणून रेकॉर्डर सोबत न्या, आणि निघताना विचारा की या कामाला गावात विरोध कुणाचा होता. पुढची मुलाखत त्यांची घ्या.