चौदा जणांनी चंद्रतालजवळ तंबूत मुक्काम करावा का, आणि केल्यास कसा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : बेळगाव, खानापूर आणि चंदगड भागांतील नात्यागोत्यातली चौदा माणसे, त्यांत सर्वांत धाकटा सतरा वर्षांचा आणि सर्वांत थोरले काका बासष्ट वर्षांचे, हिमाचल प्रदेशातील चंद्रताल सरोवराजवळ स्वतःचे तंबू लावून दोन रात्री राहू इच्छितात. मनालीहून सकाळी निघून त्याच दिवशी तिथे मुक्कामाला जावे का, कोणता महिना निवडावा आणि काकांना न्यावे की नाही, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी बेळगावातच राहतो आणि अशाच एका गटाला घेऊन दोन वेळा तिथे गेलो आहे. पहिल्या खेपेला ज्या चुका झाल्या त्या माझ्याच होत्या, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मनालीहून एका दिवसात तिथे मुक्कामाला जाऊ नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, मनाली सुमारे २,००० मीटरवर, आणि चंद्रताल ४,२५० मीटरच्याही थोडे वर. म्हणजे मनालीत झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री थेट सव्वादोन हजार मीटर वर जाऊन झोपतो. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने सुमारे साठ टक्केच असतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच हिशेबाने कमी मिळतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा गिर्यारोहकांचा आणि डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. या नियमात मोजायची ती झोपण्याची उंची. दिवसा गाडीने एखादी खिंड ओलांडून संध्याकाळी खाली उतरलात तर फारसे बिघडत नाही, पण रात्र वर काढली की शरीराचा खरा हिशेब सुरू होतो. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या वाटेवर महिनाभर चढउतार करून दम आणि पायांतले बळ अवश्य वाढवावे, परंतु त्याने उंचीची सवय मात्र होत नाही.

म्हणून वाट उलटी धरावी. आपल्याकडून गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते. गाडीत दोन रात्री जातात. तिथून सिमला, मग किन्नौरमधील काल्पा (सुमारे २,९५० मीटर), ताबो (सुमारे ३,२८० मीटर), काझा (सुमारे ३,७०० मीटर) असे मुक्काम करत, काझ्यात दोन रात्री काढून, कुंझुम खिंडीवरून चंद्रतालला उतरावे आणि शेवटी मनालीमार्गे परतावे. या वाटेने उंची पायरी-पायरीने वाढते आणि सर्वांत उंच रात्र शेवटी येते. जाण्यायेण्यासह यात दोन आठवडे सहज जातात. तेवढी रजा सर्वांना मिळत नसेल तर चंद्रतालचा हट्ट सोडून मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये जावे आणि भागा नदीकाठी जिस्पा येथे, सुमारे ३,२०० मीटरवर, तंबू लावावेत. चारी बाजूंना उघडे डोंगर, हिमनद्यांचे पाणी आणि बोचरी थंडी हे सारे तिथेही मिळते. आपल्यापैकी कोणी उत्तराखंडमधील बेदिनी बुग्यालसारख्या कुरणांचे नाव सुचवले, तर तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आहे, हे लक्षात ठेवावे.

आता पहिल्या खेपेची हकीकत. आम्ही अकरा जण होतो आणि रजा वाचवण्यासाठी मनालीहून थेट गेलो. आमच्यात सर्वांत दणकट असलेला एक तरुण, जो इथे येळ्ळूरच्या वाटेवर आम्हा सर्वांना मागे टाकत असे, संध्याकाळपासून गप्प होता. जेवण नको म्हणाला, तेव्हा गाडीचे धक्के बाधले असतील असे आम्ही धरून चाललो. रात्री अकराच्या सुमारास तो उलटी करण्यासाठी तंबूबाहेर गेला आणि परतताना दोन ताणदोरांना अडखळून पडला. टॉर्चच्या उजेडात मी त्याला जमिनीवरच्या एका सरळ रेषेवरून, टाचेला बोटे लावत चालायला सांगितले. तिसऱ्या पावलालाच त्याचा तोल गेला. डोकेदुखीसोबत असा तोल जाणे हे मेंदूला सूज येऊ लागल्याचे लक्षण असू शकते आणि त्यावरचा खरा उपाय लगेच खाली उतरणे हाच असतो. तेव्हा मला माझी दुसरी चूक कळली. मुक्कामाचे पैसे वाचावेत म्हणून मीच गाडी चालकासह परत पाठवून सकाळी यायला सांगितले होते. शेजारच्या तळावरील एका अनोळखी गटाने आपली जीप दिली, त्या खडकाळ रस्त्याने रात्रीच बातल आणि पुढे छत्रूपर्यंत उतरलो, आणि सुमारे ३,३०० मीटरवर आल्यावर उजाडताना त्याने स्वतःहून चहा मागितला. नंतर त्याने सांगितले की, डोके दुपारी वाटेतल्या कोकसरपासूनच दुखत होते, परंतु अकरा जणांची सहल आपल्यामुळे मोडू नये म्हणून तो बोलला नव्हता.

गटाने जाण्यातला हा सर्वांत मोठा धोका मला वाटतो. एकटा माणूस आपले दुखणे स्वतःशी तरी कबूल करतो. चौदा जणांत, त्यातही नात्यातल्या माणसांत, दुखणे लपवले जाते. म्हणून निघण्यापूर्वी बेळगावातच सर्वांना एकत्र बसवून तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. डोके दुखू लागले की सांगायचे, आणि सांगणाऱ्याची थट्टा करायची नाही. कोणी उतरणार असेल तर त्याच्यासोबत कोण उतरणार, त्याची नावे आधीच ठरलेली असावीत. आजारी माणसाला कधीही एकटे पाठवू नये. आणि एक गाडी चालकासह रात्रभर तळावरच उभी असावी, डिझेल भरून आणि तोंड रस्त्याकडे करून. तिथे मोबाइलला रेंज नसते असेच धरून चालावे.

दुसऱ्या खेपेला आम्ही प्रत्येक तंबूत तीन जण ठेवले आणि रात्री नऊला व पहाटे पाचला फेरा मारून प्रत्येकाला चार प्रश्न विचारले : डोके दुखते का, मळमळते का, चक्कर येते का, लघवी झाली का. डोकेदुखीबरोबर यांतील मळमळ किंवा चक्कर असेल, किंवा विलक्षण थकवा जाणवत असेल, तर ती उंचीची बाधा समजावी आणि त्या माणसाने आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे आणि खोकल्यातून फेस येणे ही फुप्फुसात पाणी भरू लागल्याची लक्षणे आहेत. मग सकाळची वाट पाहू नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असावा, पण त्याच्या आकड्यावर विसंबून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. गार बोटांवर तो वाटेल ते दाखवतो. उंचीची बाधा टाळण्यासाठी घेतात ती डायमॉक्स नावाची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः कोणाला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर. मद्य आणि झोपेच्या गोळ्या मात्र पूर्ण वर्ज्य. जाता जाता एक सांगून ठेवतो : तेवढ्या उंचीवर झोपेत श्वास काही सेकंद थांबून पुन्हा जोरात सुरू होणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. आमच्या गटातील एका वहिनींनी त्यामुळे रात्री दोनला नवऱ्याला गदागदा हलवून उठवले आणि साऱ्या तळाला जागे केले.

तंबूंविषयी. सरोवराच्या काठावर मुक्काम करण्यास परवानगी नाही. हा भाग अभयारण्यात मोडतो, सरोवराला २००५ पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा आहे, आणि मुक्कामाचे तळ काठापासून काही अंतर अलीकडे असतात. स्वतःचे तंबू लावायचे असतील तर त्या हंगामातले नियम वन विभागाकडे आधी विचारावेत. जमीन आपल्या तांबड्या मातीसारखी नसते. मुरमाड आणि दगडगोट्यांची असते आणि अॅल्युमिनियमच्या खुंट्या तिच्यात वाकतात. ताणदोर मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर आणखी दोन दगड ठेवण्याची सवय इथेच, एखाद्या मोकळ्या माळावर, वारा असताना करून पाहावी. खोलगट जागा दिसायला आडोशाची वाटते, परंतु रात्री गार हवा उतरून तिथेच साचते, म्हणून थोडा उंचवटा बरा. आणि थंडी वाटते म्हणून तंबूच्या खिडक्या बंद करू नयेत. आम्ही पहिल्या रात्री त्या घट्ट लावल्या होत्या. पहाटे आतल्या कापडावर आमच्याच श्वासाचा बर्फ जमला होता, आणि कोणी कूस बदलली की त्याचा चुरा तोंडावर पडे. स्टोव्ह किंवा शेगडी मात्र तंबूत मुळीच पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो कळत नाही.

आपल्याकडे जानेवारीतही रात्री एक शाल पुरते, त्यामुळे शून्याखालच्या थंडीची कल्पना कोणालाच नसते. स्लीपिंग बॅगवर लिहिलेल्या अंशांपेक्षा खालच्या मॅटकडे अधिक लक्ष द्यावे, कारण अंगाची ऊब जमीनच ओढून घेते. फोमच्या दोन मॅट एकावर एक घातल्यास मोठा फरक पडतो. झोपताना कोरडे पायमोजे वेगळे ठेवलेले असावेत आणि गरम पाण्याची बाटली पायांशी घ्यावी. सकाळी तेच पाणी प्यायला उपयोगी पडते, बाहेर ठेवलेले गोठलेले असते. (घरी मी “कॅम्पात राहायला जातो” असे सांगितले, तेव्हा आईला बेळगावातला ‘कॅम्प’ म्हणतात तो आपला छावणी भागच वाटला होता आणि तिने स्वेटरदेखील काढून दिला नव्हता.)

स्वयंपाकाचा खटाटोप शक्यतो करू नये, तळावर जेवण सांगावे. त्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांवरच उकळते, त्यामुळे कुकर नसेल तर तूरडाळ तासन् तास शिजत नाही. तरीही सोबत आपले कोरडे खाणे असावे. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पंधरा दिवस टिकते आणि भूक मेलेली असतानाही पोटात जाते, हा आमचा अनुभव आहे. आपली बेळगावची मिठाई, कुंदा, मात्र दुसऱ्या दिवशीच संपतो. चौदा जणांची शौचाची सोय हा संकोचाचा विषय असला तरी आधी बोलून ठेवावा : तळावर शौचालय असेल तर तेच वापरावे, नसेल तर पाण्यापासून किमान साठ मीटर दूर वीतभर खोल खड्डा करावा आणि कागद पिशवीत भरून परत आणावा, कारण त्या थंड कोरड्या जमिनीत काहीही लवकर कुजत नाही.

महिन्याचे उत्तर आपल्या मुलांच्या शाळांमुळे थोडे अवघड आहे. मे महिन्याच्या सुटीत चंद्रतालची वाट बहुधा बर्फाखाली असते. जूनच्या उत्तरार्धापासून ती खुली होते, पण हवामानाची शाश्वती जुलैतही नसते; जुलै २०२३ मध्ये अवकाळी हिमवृष्टीमुळे सुमारे तीनशे पर्यटक तिथे कित्येक दिवस अडकून पडले होते. मला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला वाटतो; आकाश निवळलेले असते आणि गर्दी ओसरलेली असते. इकडे कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची सुटी ऑक्टोबरमध्ये मिळते आणि चंदगडच्या मुलांना दिवाळीची त्यानंतर. परंतु ऑक्टोबर लागला की तिथले तळ उठू लागतात, म्हणून सुटीच्या भरवशावर बसू नये. सतरा वर्षांच्या मुलाची आठवड्या-दोन आठवड्यांची रजा शाळेकडे आधीच मागावी. शिवाय दोन दिवस राखीव धरूनच परतीचे तिकीट काढावे.

राहिले काका. केवळ बासष्ट वय हे त्यांना घरी ठेवण्याचे कारण होत नाही. उंचीची बाधा तरुणांनाही तेवढीच होते, आणि आमच्या गटात ती कोणाला झाली ते वर लिहिलेच आहे. परंतु हृदयाचा विकार, दमा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर त्यांनी आपल्या डॉक्टरांना ४,२५० मीटर हा आकडा सांगूनच सल्ला घ्यावा. नुसते “हिमाचलला जातो” असे सांगितल्यास डॉक्टर सिमला समजून होकार देतील. डॉक्टरांनी होकार दिला तरी काझ्यातल्या दुसऱ्या रात्री त्यांची झोप आणि भूक कशी आहे ते पाहावे. ती ठीक नसेल तर त्यांच्यासाठी आणि सोबतीला राहणाऱ्या एकासाठी काझ्यातच खोली घ्यावी, आणि चंद्रतालच्या दोन रात्रींऐवजी बाकीच्यांनी एकच रात्र काढून काझ्याला परत यावे. त्या परतीचे भाडे आधीच गाडीवाल्याशी ठरवून ठेवले, तर वेळ आल्यावर काकांना संकोच वाटणार नाही.