पणजोबांची बंदूक दुरुस्त करू का?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्याला माझं छोटं वर्कशॉप आहे, यंत्रमागाचे सुटे भाग बनवतो. पेठेतला जुना वाडा उतरवताना माळ्यावर पणजोबांची ठासणीची बंदूक सापडली. नळी गंजलेली, दस्त्याला वाळवी, घोड्याची स्प्रिंग तुटलेली. मला बंदुकांचा नाद पहिल्यापासून आहे, त्यामुळे लेथवर एक-दोन भाग नवे केलेत, बसवलेले नाहीत. मित्र म्हणतात, शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूला लायसन लागत नाही, आणि ठासणीची म्हणजे काही कट्टा नव्हे. खंडेनवमीला पूजेत मांडून एक बार काढायचा विचार आहे. घरी एअरगन आहे, तिचीही स्प्रिंग जोरदार बसवायची आहे. काही अडचण येईल का?

उत्तर : येईल. पण आधी एक चांगली गोष्ट सांगतो. तुम्ही ते भाग अजून बसवले नाहीत, हे फार बरं झालं. बसवूही नका. आत्ता तुमच्या बाजूने जे काही आहे, ते त्या बंदुकीच्या मोडकेपणात आहे.

मित्रांनी शंभर वर्षं कुठून आणली ते मला ठाऊक आहे. पुरावस्तू आणि कलानिधी यांच्यासाठी 1972 चा वेगळा कायदा आहे, शंभर वर्षांची अट त्यात आहे. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये वयाचा असा आकडा नाही. तिथे कलम 45(सी) आहे. हत्यार जुन्या, आता वापरात नसलेल्या घडणीचं असेल, पुराणवस्तू म्हणून मोलाचं असेल किंवा नादुरुस्त असेल, तर ते या कायद्यातून सुटतं. पण पुढे अट आहे : ते हत्यार दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं.

हे ‘दुरुस्त करून किंवा न करता’ नीट वाचा. बंदूक आज चालत नाही, एवढं पुरत नाही. कारागिराने हात लावला तरी ती चालू होणार नाही, असं असावं लागतं. आणि तुमच्याकडे नेमका तो कारागीर आहे. स्प्रिंग बसली आणि घोडा पडायला लागला, की सवलत तुम्ही तुमच्याच हाताने घालवली. उद्या मुद्देमाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला, तर ‘चालू स्थितीत आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लेथने आधीच लिहून ठेवलेलं असेल.

आता शिक्षेचा हिशेब बघा, तो अनेकांना उलटा वाटतो. विनापरवाना बंदूक नुसती जवळ बाळगली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं आणि दंड. पण कलम 5 मध्ये बनवणं, विकणं यांच्याच ओळीत ‘दुरुस्त करणं’ आणि ‘चाचणी घेणं’ हेही शब्द बसवलेले आहेत. परवाना नसताना यातलं काही केलं, तर कलम 25(1)(ए) खाली किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. बंदूक स्वतःची की दुसऱ्याची, हौसेने की धंद्यासाठी, असा फरक ते कलम करत नाही. म्हणजे माळ्यावरच्या गंजक्या बंदुकीपेक्षा तीच बंदूक ऑइल-पाणी करून चालू केलेली कितीतरी महागात पडते. खंडेनवमीचा तो एक बार म्हणजे कायद्याच्या भाषेत चाचणीच. पूजेचा फोटो स्टेटसला ठेवलात, तर पोलिसांना शोधायचीही गरज नाही.

ठासणीची आणि कट्टा यांतला फरक तुम्हाला माझ्याहून चांगला कळतो, मान्य. तोडेदार, टोपीची, बारा बोअर, रायफल हे प्रकार परवाना कुठल्या वर्गात बसतो यासाठी महत्त्वाचे आहेत. पण परवाना लागतो की नाही, याला ते उत्तर नव्हे. व्याख्या एवढीच बघते की स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या शक्तीने गोळी-छर्रा बाहेर फेकण्यासाठी ती वस्तू बनवली आहे का. शस्त्रांचे सुटे भागही ‘शस्त्र’ या शब्दात येतात. बिनमहत्त्वाच्या सुट्या भागांना कलम 45 मध्ये सूट आहे, पण ते जोडीच्या भागांसोबत वापरायचे नसतील तरच. तुमचे तर बसवण्यासाठीच केलेत.

लेथचंही सांगून ठेवतो. शस्त्रं बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा त्याच व्याख्येत आहे. तुमचा लेथ मागाचे भाग करतो, तो त्यात बसत नाही, असा युक्तिवाद मी कोर्टात करेन आणि तो टिकेलही. पण पंचनाम्यात ‘हत्यार तयार करण्याचे साहित्य’ असं लिहून तो एकदा ठाण्यात गेला, तर सुटून येईपर्यंत तुमच्या ऑर्डरी दुसरीकडे गेलेल्या असतील.

मग करायचं काय? आधी पणजोबांचे, आजोबांचे कागद उपसा. पत्र्याच्या ट्रंकेत जुना परवाना असण्याची शक्यता बरीच आहे. परवाना सापडला तर वारस म्हणून अर्ज करता येतो. वाडा शहरात आहे, तेव्हा अर्ज पोलीस आयुक्तालयात. बंदूक ग्रामीण हद्दीत असती तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. हल्ली एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजतात.

परवाना नाहीच सापडला, तर कलम 21 बघायचं. कुठल्याही कारणाने शस्त्र जवळ बाळगणं कायदेशीर राहिलं नसेल, तर ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं, असं ते सांगतं. तुमच्या बाजूने आणखी दोन गोष्टी आहेत. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुणवंतलाल प्रकरणात स्पष्ट केलं आहे. वाडा उतरवेपर्यंत तुम्हाला बंदुकीचा पत्ताच नव्हता. मात्र सापडल्यापासूनचा प्रत्येक दिवस हा बचाव पातळ करतो. दुसरं, नुसत्या ताब्याबद्दल, म्हणजे कलम 3 खाली, खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. दुरुस्तीच्या गुन्ह्याला ही चाळणी नाही.

ठाण्यात द्यायचा अर्ज मात्र स्वतः लिहू नका. हौशी माणूस भाबडेपणाने ‘स्प्रिंग मीच बनवली’ हेही लिहून मोकळा होतो. काही लपवा असं मी सांगत नाहीये. काय घडलं, कुठल्या क्रमाने घडलं, हे आधी वकिलाला समोर बसून सांगा, मग कागद करा. गरज पडली तर अटकपूर्व जामिनाचा अर्जही त्यासोबत ठेवता येतो. भंगारात घालणं, पाहुण्याच्या शेतात नेऊन ठेवणं, तळ्यात टाकणं यातलं काहीही नको. तसं केलं तर एका गुन्ह्याचे दोन होतात.

एअरगनचं थोडक्यात. बोअर .177 म्हणजे 4.5 मिलिमीटर आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 जूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. जोरदार स्प्रिंगने हा आकडा ओलांडला की तुमच्या हातात विनापरवाना बंदूक येते, तीही तुम्हीच केलेली. दुकानातून आणली तशीच राहू द्या.

आणि भेटायला याल तेव्हा फक्त कागद घेऊन या. मागे एक गृहस्थ सोलापुरी चादरीत गुंडाळून अख्खी बारा बोअर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले होते, ‘बघा की वकीलसाहेब, काय होत नाही.’ बाहेरच्या बाकावर तेव्हा दुसऱ्या केसमधले एक हवालदार बसले होते.