साउंडवाल्याला विचारा

प्रश्न : मी बेस गिटार वाजवते. गणेशोत्सवात साउंडवाल्याने माझा जॅक मिक्सरला न लावता मधे एक काळी डबी लावली. ‘डीआय’ म्हणाला. डबी नसती तर काय बिघडलं असतं? आणि ही काढली कुणी? – एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर : काय बिघडतं ते मी भर कार्यक्रमात ऐकलंय. सुरुवातीच्या दिवसांत दांडिया बाजारातल्या एका मंडळात मी गिटारची पंधरा मीटर केबल सरळ मिक्सरपर्यंत ओढली. गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी, आणि खाली अखंड घूंऽऽ. तंबोऱ्याची गरजच उरली नाही!

‘डीआय’ म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, वाद्य थेट मिक्सरला जोडायची सोय. गिटारच्या पिकअपचा (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचा) इंपीडन्स, म्हणजे विजेच्या सिग्नलला होणारा अडथळा, जास्त, मिक्सरच्या माइक-इनपुटचा जेमतेम दीड-दोन हजार ओम. जोडी जमत नाही. लांब केबलमध्ये वरचे सूर विरतात, शिवाय विजेच्या तारांची भुणभुण आत शिरते. ती डबी उघडलीत तर आत आवळ्याएवढा ट्रान्सफॉर्मर दिसेल. त्यातल्या दोन गुंडाळ्यांच्या वेटोळ्यांचं प्रमाण १०:१ असलं तर इंपीडन्सचं १००:१ होतं. म्हणजे मिक्सरचे १,५०० ओम गिटारला दीड लाख वाटतात आणि ती मोकळी वाजते. पुढे आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सुलट, दुसरीवर उलट. भुणभुण मात्र दोन्हींवर सारखीच चढते, म्हणून मिक्सरमध्ये वजा होते.

काढली कुणी, याला एकच नाव नाही. साठच्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ एका घरात होता, वादक दाटीवाटीने बसायचे. अ‍ॅम्प मोठा केला की बेस ड्रमच्या माइकमध्ये. म्हणून गिटार नि बेस थेट मिक्सरला घेऊ लागले. तिथला बेसवादक जेम्स जेमरसन याचा बेस असाच रेकॉर्ड झालाय. त्याच शहरातल्या एड वुल्फ्रम या इंजिनिअरने केलेल्या डबीला ‘वुल्फबॉक्स’ म्हणतात. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी तशीच सोय केली, आणि १९६७ मध्ये बीटल्सचा बेस त्या वाटेने गेला. ‘माझा गळाही थेट जोडा,’ असं बीटल्सचा जॉन लेनन म्हणाला, तर ‘मानेत जॅक बसवायला ऑपरेशन लागेल,’ असं उत्तर मिळालं म्हणे.

डबी लावूनही घूं आली तर तिच्यावरचं ग्राउंड-लिफ्टचं (केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं) बटण दाबायला सांगा. काही महाभाग त्याऐवजी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. तसं दिसलं तर गिटारला हातही लावू नका, शॉक बसू शकतो.